दोन मिनिटं एकतीस सेकंद

१

मंगळवार, ८ नोव्हेंबर २०११. सकाळभर धुकं होतं. दुपारी ते विरलं आणि बारीक पाऊस लागला. छत्री उघडावी तर लाज वाटते, न उघडावी तर कॉलर भिजते, असला पाऊस.

नेव्हिल शोरॉकने चहाचा कप खिडकीत ठेवला, मागच्या खोलीचं दार लोटलं आणि रेकॉर्डी वेळेत बसवायला घेतल्या. ब्रॅकनशॉच्या बस डेपोत अठ्ठावीस वर्षं त्याने वेळापत्रकं आखली होती. निवृत्त होताना डेपोने घड्याळ देऊ केलं, तर त्याने आपलं जुनं स्टॉपवॉचच मागून घेतलं. त्याचं बटण दाबलं की शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढा टक्क आवाज यायचा.

येत्या वीस तारखेला, रविवारी, पॅलाटाइन हॉलमध्ये जुन्या अमेरिकन सोल गाण्यांचा शेवटचा मेळा होता. दुपारी बारा ते संध्याकाळी सात. मग हॉलला कुलूप, आणि पुढच्या वर्षी तिथे फ्लॅट. रेकॉर्डी वाजवायला नेव्हिलला पंचेचाळीस मिनिटं मिळाली होती. मेळा भरवणारा मो ग्रिमशॉ हा जुना दोस्त. त्याने आदल्या दिवशी फोन केला होता.

"नेव्ह, सगळी म्हातारी पलटण येतेय. कुणाचे गुडघे बदललेत, कुणाच्या कमरेला पट्टा. पण नाचणार म्हणजे नाचणार. आणि तू ती आणायचीस."

"कुठली ती?"

"माझ्यापुढे तरी सोंग करू नकोस लेका. डग्लस फेअर! एकदाच वाजवलीस आणि चौतीस वर्षं दडवून बसलायस. मला मरायच्या आधी पुन्हा ऐकायचीय."

"बघू."

"तुझं बघू म्हणजे आणतो. लिहून घेतलं मी."

नेव्हिलकडे प्रत्येक रेकॉर्डची नोंद होती: कुठे मिळाली, कधी, कुठे चरा आहे, गाणं किती लांब. वही उघडून त्याने ती ओळ काढली. डग्लस फेअर. ५ मार्च १९७७. दोन मिनिटं एकतीस सेकंद.

त्याने पाकिटातून तबकडी काढली, पुसली, सुई ठेवली आणि बटण दाबलं. गाणं संपल्यावर पुन्हा दाबलं.

दोन मिनिटं छत्तीस.

त्याने पुन्हा मोजलं. छत्तीस. रेकॉर्ड प्लेअरची फिरकी मंदावली असेल म्हणून दुसऱ्या तीन रेकॉर्डी लावून पाहिल्या. तिन्ही वहीतल्या आकड्यांशी चोख जुळल्या. रेकॉर्ड झिजते, तडकते, उन्हात वाकते. लांबत नाही.

चौथ्यांदा ऐकताना पाच सेकंदांची जागा त्याला सापडली. सुरुवातीला ड्रम वाजतात, आणि त्यानंतर लगेच गायक पहिली ओळ उचलतो. आता मध्ये फट होती. त्या फटीत कुणीतरी दोनदा नाक ओढलं आणि घसा खाकरला.

नेव्हिलने सुईवर फुंकर घातली, मऊ ब्रशने तबकडी पुसली आणि पाचव्यांदा लावली. मग वहीत जुन्या आकड्यापुढे पेन्सिलने लिहिलं: "२:३६. सुई तपासणे."

चहा गार होऊन गेला होता.

२

बावीस वर्षांचे असताना नेव्हिल आणि डगी फेअरक्लॉ शनिवारी दुसरं काही करत नसत. एका बॅगेत सँडविच, एका बॅगेत रेकॉर्डी, आणि बसने गावोगावचे बाजार पालथे घालायचे. अमेरिकेत आपटलेली गाणी त्यांना हवी असत. दहा वर्षांपूर्वी डेट्रॉइटमध्ये कुणी एक गाणं गायलं, ते चाललं नाही, गाणारा मोटारींच्या कारखान्यात परत गेला आणि उरलेल्या रेकॉर्डी गोदामात सडल्या. लँकशायरच्या गिरणगावांतली पोरं आठवडाभर धोटे नि खोकी उचलून त्याच रेकॉर्डीवर रविवारी नाचत. जे गाणं दुसऱ्या कुणाकडे नाही, ते सगळ्यांत मोलाचं.

म्हणून झाकायची रीत पडली होती. दुर्मिळ रेकॉर्ड हाती लागली की डीजे तिच्या लेबलावर कागद चिकटवायचा आणि त्यावर मनचं नाव लिहायचा. माईकवर तेच खोटं नाव घ्यायचं, म्हणजे बाकीचे आयुष्यभर ते शोधत बसणार. कागदाखाली काय आहे ते विचारायचं नाही. नवऱ्याला बायकोचं वय विचारण्याइतकं ते वाईट समजलं जाई.

ती रेकॉर्ड रॉचडेलच्या बाजारामागे, एका भंगारवाल्याकडे मिळाली. पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाशी होती. तिच्यावर आधीच तपकिरी कागद होता आणि त्यावर शाईने नाव होतं: वॉल्टर किड. हात पहिला डगीचा लागला. पण डगीला बारा महिने सर्दी. नाक ओढून भागेना, तेव्हा त्याने रुमाल काढायला तबकडी खोक्यावर ठेवली, आणि तेवढ्यात नेव्हिलने ती उचलून पैसे देऊन टाकले.

बसमध्ये जुंपली.

"हात माझा लागला होता पहिला!"

"हात लागून काय होतं? ठेवलीस ना खाली?"

"नाक गळत होतं माझं! तू मित्र आहेस की गिधाड?"

"बरं बाबा, मग असं करू. वॉल्टर किडला टाकू झाकून. वर तुझं नाव लावू. फेअरक्लॉ नको, गिरणीतल्या मुकादमासारखं वाटतं. डग्लस फेअर! माईकवर घेतो, सगळ्या हॉलसमोर."

डगी नाक पुसता पुसता थांबला. "डग्लस फेअर," तो म्हणाला, आणि हसू आवरेना त्याला. "आमची आई म्हणेल, पोरगं अमेरिकेला गेलं आणि मला पत्तासुद्धा नाही."

त्याच संध्याकाळी नेव्हिलने तपकिरी कागदावर पांढरा कागद चिकटवला.

३

१३ मार्च १९७७, रविवार. पॅलाटाइन हॉल जुन्या सहकारी भांडाराच्या वर होता. खिडक्यांना काळा रंग फासलेला, त्यामुळे बाहेर लख्ख दुपार असली तरी आत कायम तिन्हीसांजा. घामाचा, ओल्या लोकरीचा आणि टाल्कम पावडरचा वास. पोरं लाकडी फ्लोअरवर पावडर शिंपडायची, म्हणजे बुटाचा चामडी तळवा गुळगुळीत सरकतो.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी नेव्हिल माईकवर म्हणाला, "आणि आता, पहिल्यांदाच, डग्लस फेअर!"

फ्लोअरच्या मधोमध डगीने राजासारखं लवून नमस्कार केला. ड्रम वाजले. डगी भोवऱ्यासारखा फिरला. गाण्यात एका जागी सगळी वाद्यं एकदम थांबली आणि साऱ्या हॉलने सवयीने तिथे एक टाळी दिली. त्या टाळीला डगी मागे झोकून दोन हातांवर पडला. ही त्याची खास उडी. तो हातांवरून चेंडूसारखा उसळून वर यायचा.

नेव्हिलने खाली सुईकडे पाहिलं. पुन्हा वर पाहिलं तेव्हा फ्लोअरच्या मध्ये गाडीच्या चाकाएवढी जागा रिकामी होती. सगळे तिच्याभोवती नाचत होते आणि कुणाचाही पाय तिच्यात पडत नव्हता. गाणं संपल्यावर तो खाली उतरून गेला. पावडरमध्ये दोन पंजे उमटले होते आणि टाचेची एक कमान. त्या जागेतून बाहेर जाणारं पाऊल नव्हतं.

डगीची बॅग आणि जाकीट खुंटीवरच होतं. लोक म्हणाले, मागच्या दाराने गेला असेल. पोलिस म्हणाले, या वयाची पोरं लंडनला पळतात, पैसे संपले की येतात. मागच्या दाराला साखळी होती आणि साखळीला कुलूप. नेव्हिलने हे एकदा सांगितलं. हवालदाराने लिहून घेतलं नाही. नेव्हिलने पुन्हा सांगितलं नाही.

डगीची धाकटी बहीण ग्लेनिस त्या दिवशी हॉलमध्येच होती. पण त्या गाण्याच्या वेळी ती खाली चिप्स आणायला गेली होती. चार वर्षांनी तिने नेव्हिलशी लग्न केलं. सोलच्या मेळ्याला मात्र ती पुन्हा कधी गेली नाही. नेव्हिलने दुसरी गाणी वाजवली, ते एक सोडून. डगीची बॅग त्यांच्या घरात जिन्याखाली होती. दर मार्चमध्ये ग्लेनिस ती बाहेर काढून पुसायची आणि परत ठेवायची.

४

गुरुवारी ग्लेनिस शाळेच्या स्वयंपाकघरातून लवकर घरी आली. बॉयलर बिघडला म्हणून मुलांना सँडविच वाटून सगळ्या बायांना सोडलं होतं. नेव्हिलला दार उघडल्याचं कळलं नाही. तो नवी सुई बसवून अकराव्यांदा मोजत होता.

"आत कोण आहे?" तिने बाहेरून विचारलं.

"कुणी नाही गं. रेकॉर्ड लावलीय."

दार उघडलं. तिच्या अंगात ओला कोट तसाच होता.

"आमचा डगी आहे आत."

"ग्लेनिस, काहीतरीच काय!"

"पुन्हा लाव."

त्याने लावली. ड्रम वाजले. दोनदा नाक ओढल्याचा आवाज, मग खाकरणं. मग तो अनोळखी, भरदार अमेरिकन आवाज गाऊ लागला. ग्लेनिस कपाटाला धरून उभी होती.

"दोनदा नाक, मग घसा. रोज सकाळी न्याहारीला समोर बसून ऐकलंय मी हे. आई त्याला म्हणायची, भोंगा झाला का तुझा, आता खा."

"गाणारा डगी नाहीये. हा कुणीतरी डेट्रॉइटचा…"

"गाणारा डगी आहे असं मी कुठे म्हटलं? डगी त्याच्या मागे उभा आहे." तिने मान कलती केली. "आणि एकटा नाहीये. ऐक की! पाय हलवतायत. आपला नंबर कधी येतो म्हणून रांगेत उभे राहतात ना, तसे."

नेव्हिलने कान दिला. नवी सुई, स्वच्छ तबकडी. गाण्याच्या तळाशी खरंच काहीतरी घासत होतं. चामडी तळवे पावडरवर घासावेत तसं. चरा असेल, तो स्वतःला म्हणाला. आणि चरे कुठे असतात ते त्याच्या वहीत लिहिलेलं होतं. या रेकॉर्डपुढे लिहिलं होतं: एकही नाही.

गाणं संपलं. ग्लेनिसने वाकून लेबल वाचलं.

"डग्लस फेअर कोण?"

चौतीस वर्षं याच प्रश्नाची तो वाट पाहत होता. त्याने सगळं सांगितलं. भंगारवाला, रुमाल, बसमधलं भांडण, पांढरा कागद.

"म्हणजे त्याच्याकडून घेतलीस, वर त्याचं नाव चिकटवलंस आणि सगळ्यांसमोर पुकारलंस."

"गंमत होती गं. तो हसत होता."

"मग मला कधी का नाही सांगितलंस?"

"गंमतच होती, तर सांगायचं काय, असं वाटायचं. आणि नसली गंमत, तर कसं सांगायचं?"

ग्लेनिसने कोट काढला, खुंटीला लावला आणि किटली ठेवायला गेली. तिने त्याला चहा दिला आणि आपला कप घेऊन ती वर गेली.

५

शुक्रवारी सकाळी तिनेच म्हटलं, "काढ तो कागद."

नेव्हिलने किटलीची वाफ लेबलावर धरली आणि लोणी लावायच्या सुरीने कोपरा उचलला. पांढऱ्याखाली तपकिरी निघाला, तो त्याला माहीत होता. पण तपकिरी कागदाची कडाही वाफेने सुटली होती. त्याच्याखाली निळसर कागद होता, त्यावर दुसऱ्याच कुणाचं तिरपं अक्षर. निळ्याखाली आणखी एक. सुरीचं टोक खाली सरकवलं तर पोथीच्या पानांसारख्या कडा हाताला लागत गेल्या. तळ लागेना.

"किती आहेत?" ग्लेनिसने विचारलं.

"माहीत नाही."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि अंगठ्याने कोपरा परत दाबून बसवला.

"राहू दे. नाव काढलं तर त्याला कुणी हाक कशी मारायची?" मग हात पुसत म्हणाली, "रविवारी ही तिथे वाजव."

"नाही. मोला बोंबलू दे, मी नेणार नाही. कपाटात कुलपात ठेवतो."

"ठेव," ती म्हणाली.

इतक्या पटकन ती ऐकते तेव्हा काय समजायचं, हे तीस वर्षांच्या संसारात नेव्हिलला कळायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात ती बरी वाटत होती. तिने माळ्यावरचा जुना घेरदार स्कर्ट काढून इस्त्री केला. म्हणाली, शेवटचा मेळा आहे, मीही येते. नेव्हिलला बरंच वाटलं. बुधवारी तो दूध घेऊन आला तर मागच्या खोलीतून तिचा आवाज येत होता. दवाखान्यात खाटेशेजारी बसून बोलतात तसा, हळू.

"रविवारपर्यंत कळ काढ. झालंच."

तो आत गेला तेव्हा फिरकी बंद होती आणि ती खिडक्या पुसत होती. कपाटाला कुलूप होतं. किल्ली त्याच्या खिशात होती. दुसरी किल्ली कुठे असते, हे घरात दोघांनाही माहीत होतं.

६

रविवार, २० नोव्हेंबर. हॉलच्या खिडक्यांचा काळा रंग तसाच होता. तीनेकशे माणसं, पांढरे केस, सैल पँट, आणि तोच पावडरचा वास. मागच्या दाराला साखळी होती. नवी, पण साखळीच.

नेव्हिलने तीन वाजता सुरुवात केली. चाळीस मिनिटं सगळं त्याच्या कागदाप्रमाणे झालं. शेवटच्या गाण्यासाठी त्याने खोक्यात हात घातला, आणि हाताला लागलेलं पाकीट त्याने ठेवलेलं नव्हतं.

तीच तबकडी. लेबलावर नवा पांढरा कागद, कडेला डिंक अजून ओलसर. ग्लेनिसचं गोल, शाळेत घोटवलेलं अक्षर.

ग्लेनिस फेअरक्लॉ.

त्याने वर पाहिलं. ग्लेनिस फ्लोअरच्या मधोमध उभी होती. पायाखाली पावडर शिंपडून ती तळवे घासून बघत होती.

मो त्याच्या कानाशी आला. "अरे लाव ना, पुतळा झालास काय? लोकहो, हा म्हातारा भावुक झालाय!" लोक हसले. "डग्लस फेअर!" कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच टाळ्यांचा ठेका धरून ओरडू लागले.

नेव्हिलने दुसऱ्या रेकॉर्डकडे हात नेला. ग्लेनिस स्टेजच्या कडेशी आली.

"नेव्ह."

"मी लावणार नाही. घरी चल."

"तो बावीस वर्षांचा होता. इतकी वर्षं उभा आहे तिथे."

"तू जाऊन काय होणार आहे?"

"एकटा नसेल." ती हसली, लग्नाच्या फोटोत आहे तसं. "माझं नाव घे आणि लाव. आज नाही लावलीस तर मी घरी लावीन, तू झोपलास की. माझं मीच पुकारीन."

ती वळून मधोमध गेली.

नेव्हिलने तबकडी दोन हातांत धरली. गुडघ्यावर आपटली असती तर एका झटक्यात दोन तुकडे झाले असते. त्याने अंगठे ताणले. मग त्याला ते घासणारे पाय आठवले, आणि अंगठे सैल पडले.

त्याने तबकडी फिरकीवर ठेवली. सवयीने डाव्या हातात स्टॉपवॉच घेतलं. माईक ओढला. हॉल गप्प झाला. ग्लेनिसने डोळे मिटले.

"पहिल्यांदाच," तो म्हणाला, आणि लेबलाकडे न बघता पुढचं म्हणाला, "नेव्हिल शोरॉक."

ग्लेनिसने डोळे उघडले. तिचं तोंड काहीतरी म्हणायला उघडलं. सुई टेकली, ड्रम वाजले, आणि नेव्हिलला समोरच्या नाचणाऱ्यांच्या मध्ये एक पाठ दिसली, रुंद पँट, घामाने चिकटलेला बनियन. आणि रुमाल शोधत खिशात गेलेला हात.

त्याने बटण दाबलं.

७

गाणं तीन वाजून त्रेचाळीस मिनिटांनी संपलं. सुई मो ग्रिमशॉने उचलली. टेबलावर नेव्हिलचा चष्मा होता आणि गाण्यांचा कागद. शेवटची ओळ सोडून सगळ्या ओळींपुढे खूण होती. स्टॉपवॉच नव्हतं. मागच्या दाराची साखळी लागलेली होती. ग्लेनिस शोरॉक फ्लोअरवर होती आणि तिला दोघांनी धरलं होतं. डगी फेअरक्लॉ परत आला नाही.

सोमवार, २८ नोव्हेंबर रोजी मोने ग्लेनिसच्या घरी स्वयंपाकघरातल्या घड्याळावर रेकॉर्ड तीनदा मोजली. ड्रमनंतर दोनदा नाक ओढल्याचा आवाज येतो, मग खाकरणं, मग एकदा टक्क. ग्लेनिसने वहीत जुन्या दोन आकड्यांपुढे तिसरा लिहिला: दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद.